एकही फूल सोडू नये

धाकटीचं वय बावन्न. पण घरात एक थोरली असली की दुसरी म्हातारी झाली तरी धाकटीच राहते, तसं तिचं झालं होतं. डोंगरावरच्या त्या गावात ती बसमधून उतरली तेव्हा तिच्याकडे एक पिशवी, बांबूच्या चार बारीक सळया आणि अठरा वर्षं मुरवलेला राग होता. पैकी पिशवी तेवढी कंडक्टरच्या नजरेला पडली, आणि ती त्यानं टपावर टाकायला लावली.

गाव म्हणजे एक चढाचा रस्ता, चार खोल्यांचं लॉज, आणि मधोमध शेंगांचं वजन करायचं, ओसरी असलेलं काटाघर. एवढं शांत, की कुणी शिंकलं तर तिसऱ्या घरातून तब्येतीची चौकशी व्हायची. दारोदार घोंगड्यांवर काळ्याभोर शेंगा उन्हात पडलेल्या. ही व्हॅनिला. जगभरची मुलं आइस्क्रीम चाटताना ज्या वासानं डोळे मिटतात, तो वास या गावाच्या उशांना, वह्यांना आणि कुत्र्यांनासुद्धा येतो. गावकऱ्यांना मात्र तो येत नाही. रोज शेजारी बसणाऱ्याची किंमत कुणाला असते.

धाकटीला मात्र तो आला. तिच्या घरी थोरलीच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली एक शेंग पडून होती. तिचाही असाच वास होता.

ती शेंग तिथं कशी आली ते आधी सांगायला हवं.

थोरली या गावची सून. उतारावरची बाग तिनं स्वतः लावलेली. नवरा गेल्यावर ती एकटीच ती बघत होती. शेजारची बाग दिराची. हिरवी शेंग चोरीला जाते, म्हणून इथला प्रत्येक बागवाला बुचात टाचण्या खोचून आपला शिक्का करतो आणि कोवळ्या शेंगेवर टोचतो. शेंग वाढते, सुकते, काळी पडते, पण ठिपके जात नाहीत. थोरलीचे ठिपके तीन, एका ओळीत. दिराचे पाच, एका ओळीत. तिनाचे पाच करायला दोन टाचण्या लागतात आणि तसली नियत लागते. दिराकडे दोन्ही होतं.

त्या वर्षी थोरली टोपली घेऊन काटाघरात आली, तर दीर ओसरीवर आधीच उभा. "वहिनीच्या टोपलीत माझ्या ठिपक्यांच्या शेंगा कशा?" बघितलं तर पाचच. थोरली सांगत राहिली, की आधी टोचलेला ठिपका शेंगेबरोबर वाढून पसरट होतो, मागून टोचलेला बारीक राहतो. तीन पसरट आहेत, दोन बारीक. नुसतं बघा. शेवटचा शब्द काटेवाल्याचा. त्यानं शेंग हातात घेतली, खिसे चाचपले आणि म्हणाला, "चष्मा घरी राहिला. पण पाच आहेत ना? पाचच आहेत."

झालं. चोराला काटा बंद, हा तिथला नियम. आणि ज्याला काटा बंद, त्याच्या शेंगेला कुत्रं विचारत नाही. आठवड्याभरात बाग दिराच्या घशात सोडून थोरली धाकटीच्या दोन खोल्यांत राहायला आली ती कायमची. येताना टोपलीतली एक शेंग तेवढी मुठीत लपवून आणलेली. मग ती एका शिंप्याची काजं करू लागली. त्यानंतर ती त्या गावाबद्दल एक शब्द बोलली नाही. गल्लीत आइस्क्रीमवाला आला की उठून आतल्या खोलीत जायची, एवढंच.

थोरली गप्प राहिली, म्हणून राग धाकटीला वाढवावा लागला. घरात कुणीतरी तो सांभाळायला नको का? सहा मोसम दुसऱ्या एका डोंगरात जाऊन ती फुलं जुळवायचं काम शिकली. व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मान टाकतं. तेवढ्या वेळात माणसाच्या हातानं त्याचं लग्न लावलं, तर शेंग धरते. नाही लावलं, तर फूल दुसऱ्या दिवशी गळून पडतं. धाकटी एका सकाळी दीड हजार फुलं जुळवायची. त्या डोंगरात तिला 'हजारी' म्हणत. नाव तिच्या आधी या गावात पोचलं होतं, तशी तिनं व्यवस्थाच केली होती.

लॉजवाल्या काकूंनी चहा दिला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"काम शोधायला आलात?"

"गाव बघायला आले. काम मिळालं तर करीन."

"मोजूशेठ सोडणार नाही तुम्हाला. त्याच्या बागेत बाई टिकत नाही."

मोजूशेठ म्हणजे थोरलीचा तोच दीर. हे नाव गावानं ठेवलेलं. मुठीत मावणारं, टक् केलं की आकडा एकानं वाढवणारं एक यंत्र त्याच्या हातात कायम असायचं. तो वेली मोजायचा, घोस मोजायचा, बायकांनी पाणी प्यायला घेतलेल्या खेपा मोजायचा. बागेतलं बाकी काही त्याला येत नव्हतं. आयती बाग मिळालेल्या माणसाला मोजण्यापलीकडे उरतं काय?

आणि त्याचं दुखणं गावभर माहीत होतं. व्हॅनिलाच्या एका घोसाला वीस फुलं येतात, रोज एकदोन. जुळवायची त्यातली आठ, बाकीची गळू द्यायची. पण गळलेली फुलं बघून मोजूशेठच्या जिवाची कालवाकालव व्हायची. तो उकिडवा बसून ती मोजायचा. टक्, टक्, टक्. "काल दोनशे अकरा पडली. दोनशे अकरा शेंगा मातीत." बायका म्हणायच्या, आठाचा नियम आहे. तो म्हणायचा, नियम कामचोरांनी केलाय. स्वतः दोन टाचण्यांनी बाग मिळवलेली. जगात सगळेच आपल्यासारखे, असं त्याला वाटलं तर नवल नाही. चोराच्या मनात चांदणं.

धाकटीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला खोटं बोलायची गरजच पडणार नाही. खरं बोललं की पुरे. फक्त ते अशा चेहऱ्यानं बोलायचं, की त्याला खोटं वाटावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काटाघराच्या ओसरीवर जाऊन बसली. सातआठ बागवाले चहा पीत होते. काटेवाला आत काट्यापाशी. सत्तरीचा, स्वच्छ शर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला, जणू तिसरा डोळा. मोजूशेठ आला तो थेट तिच्यासमोर. थोरलीच्या लग्नात एकदाच बघितलेली मुलगी त्याला ओळखू आली नाही.

"हजारी तुम्हीच?"

"लोक म्हणतात."

"माझ्याकडे चारशे वेली आहेत. मोसम संपेपर्यंत राहायचं."

"राहीन. पण घोसाला आठ. वर एक नाही."

मोजूशेठ ओसरीकडे वळला. "ऐकलंत? हीसुद्धा आठच म्हणते. आईच्या पोटातून शिकून येतात वाटतं." मग तिला म्हणाला, "नवव्या फुलाला हात दुखतो काय तुमचा?"

"हात नाही, वेल दुखते. वीस फुलं येणं ही तिची हौस. पोसायची ताकद आठांचीच. तुमच्या लग्नाला पाचशे माणसं आली असतील. म्हणून रोज पाचशेंना जेवायला घालता का?"

ओसरी हसली. मोजूशेठ हसला नाही.

"आणि सगळी जुळवली तर?"

"या वर्षी लगडेल. पुढच्या वर्षी पिवळी पडेल. मग जाईल."

हे तिनं सांगितलं ते शब्दन्‌शब्द खरं होतं. पण सांगताना तिनं नजर बाजूला वळवली, तळवे पदराला पुसले आणि शेवटचं वाक्य जरा घाईनं उरकलं. खोटं बोलणारी माणसं काय काय करतात, ते तिनं थोरलीची काजं पोचवताना शिंप्याच्या दुकानात वर्षानुवर्षं बघितलं होतं. 'उद्या नक्की देतो' म्हणताना शिंपी अगदी हेच करायचा.

मोजूशेठनं तळवे बघितले, नजर बघितली, आणि त्याच्या तोंडावर समाधान पसरलं. चोर पकडल्याचं समाधान.

"सगळी जुळवायची," तो म्हणाला. "मी मागे उभा राहून मोजणार."

"शेठ, आठाचा नियम तसा जुना आहे," आतून काटेवाला हळूच म्हणाला. नंतर कुणी 'सांगितलं नाही' म्हणू नये, एवढ्याच आवाजात.

बाकीच्या बागवाल्यांनी कपात डोकं घातलं. शेजाऱ्याची वेल मरणार असली, की गावात सल्ला महाग होतो.

"मग लिहून द्या," धाकटी म्हणाली. "उद्या वेली गेल्या तर माझ्या नावानं ओरडाल."

"देतो की. काटेवाले, लिहा. शिक्का मारा."

काटेवाल्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि वजनाच्या पावतीमागे सुंदर अक्षरात लिहिलं: 'बाईंनी आठाचा नियम सांगितला. मालकाच्या मर्जीनं सर्व फुलं जुळवावीत. एकही फूल सोडू नये.' खाली मोजूशेठची सही, काटाघराचा शिक्का. धाकटीनं कागद घडी करून ब्लाउजात ठेवला. चष्मा किती सहज खाली येतो, हेही तिनं मनात ठेवलं.

मग पाच आठवडे तिनं मन लावून काम केलं. असं काम त्या बागेनं थोरलीनंतर बघितलं नव्हतं. डाव्या हातात फूल धरायचं, सळईनं ओठ फाडायचा, आतला पडदा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचं. पुढचं. मागून टक्, टक्, टक्. मोजूशेठला गाण्याची आवड नसावी, पण त्या टकटकीवर तो मान हलवायचा. जमिनीवर एक फूल पडेना. तो वाकून बघायचा आणि रिकाम्या मातीकडे बघून हसायचा.

एकच सकाळ वाईट गेली. बागेच्या कोपऱ्यात एका वठलेल्या झाडावर चढलेली मनगटाएवढी जाड वेल होती. थोरलीनं लावलेली पहिली. लग्नानंतर पाठवलेल्या एकमेव लांबलचक पत्रात तिनं त्या वेलीबद्दल दीड पान लिहिलं होतं आणि नवऱ्याबद्दल चार ओळी. धाकटी तिच्यासमोर सळई धरून उभी राहिली. हात उठेना.

"थांबलात का?" मागून आवाज आला.

"घाम आला डोळ्यात."

"पुसा आणि चालू द्या. चांगली लगडलीय ती."

तिनं डोळे पुसले. चालू दिलं. मोसमभरात त्या वेलीला चौदाशे फुलं आली. एकही सोडलं नाही. तिथं हात राखला असता तर मोजूशेठला कळलं असतं, आणि तिलाही कळलं असतं, की आपला राग कुठंतरी मऊ आहे.

मोसम संपला तेव्हा वेली शेंगांनी अशा लगडल्या होत्या, की मोजूशेठ लोकांना बोलावून बोलावून दाखवत होता. लोक 'वा' म्हणायचे आणि रस्त्यावर आल्यावर एकमेकांकडे बघायचे. निघताना त्यानं धाकटीला एक नवी कोरी छत्री भेट दिली. लाकडी मुठीची. "पुढच्या वर्षी या," म्हणाला.

"येणार तर," धाकटी म्हणाली. हेही खरंच होतं.

घरी तिनं थोरलीला सांगितलं, मैत्रिणीकडे राहून आले. थोरलीनं काजाचा दोरा ओढत विचारलं, "छत्री चांगली आहे. मैत्रिणीनं दिली?" धाकटी हो म्हणाली. तो विषय तिथंच संपला, असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षी फुलांच्या दिवसांत ती पुन्हा बसमधून उतरली. हातात छत्री, ब्लाउजात पावती, आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेली, शिवणाच्या डब्यातून न विचारता घेतलेली ती शेंग.

लॉजवाल्या काकूंनी बातमी चहाच्या आधी वाढली. मोजूशेठच्या शेंगा भरल्या त्या करंगळीएवढ्या. व्यापाऱ्यानं मूठभर उचलल्या, परत टाकल्या आणि हात झटकले. मग वेली पिवळ्या पडायला लागल्या. मुळं कुजली. या वर्षी चारशे वेलींत मिळून एक घोस नाही. मोजूशेठ अजून रोज बागेत जातो, पण त्या यंत्राची टकटक ऐकू येत नाही.

धाकटी आधी बाग बघायला गेली. छत्री टेकत, सावकाश, पाहुणीसारखी. आधारांच्या झाडांवर वेली वाळक्या दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. तिनं एकेक ओळ नीट बघितली. तिला वाईट वाटलं नाही. वाटेल अशी तिची समजूत होती, म्हणून ती थोडा वेळ वाट बघत थांबलीसुद्धा. कोपऱ्याकडे मात्र गेली नाही.

काटाघराच्या ओसरीवर ती पोचली तेव्हा मोजूशेठ तिथं होताच. वर्षभरात गालांची हाडं वर आली होती.

"हीच ती," तो म्हणाला. आवाज चढवायची ताकद नव्हती. "हिनं माझी बाग मारली. काटेवाले, हिला काटा बंद करा. गावातून काढा."

धाकटीनं पावती काढून काट्याच्या ताटलीवर ठेवली. "वाचा."

काटेवाल्याला वाचायची गरज नव्हती, अक्षर त्याचंच. तो म्हणाला, "शेठ, बाईंनी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर."

"सांगितलं, पण असं सांगितलं की..." मोजूशेठ थांबला. कसं सांगितलं, ते त्याला सांगता येईना. 'तिनं खरं सांगितलं, म्हणून मी फसलो' हे वाक्य ओसरीवर उभं राहून बोलणं अवघड असतं.

"माझ्या बहिणीनंही इथंच खरं सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "अठरा, नाही, आता एकोणीस वर्षं झाली. तुमची वहिनी, मोजूशेठ." आणि रुमाल सोडून ती शेंग तिनं पावतीवर ठेवली. एवढ्या वर्षांनीसुद्धा तिचा वास ओसरीभर पसरला, आणि गावच्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा व्हॅनिलाचा वास आला.

"आता बघा," ती काटेवाल्याला म्हणाली.

काटेवाल्यानं खिसे चाचपले. "चष्मा घरी..."

"कपाळावर आहे."

कुणीतरी हसलं. काटेवाल्यानं चष्मा खाली ओढला. शेंग उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. एवढं बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. फक्त काय बोलावं, ते ठरत नव्हतं.

"तीन पसरट," तो पुटपुटला. "दोन बारीक."

"मोठ्यानं."

"तीन आधीचे. दोन मागून टोचलेले."

ओसरीवर एकाएकी सगळ्यांना कामं आठवली. कुणाची घोंगडी उन्हातून आत घ्यायची होती, कुणाचं पाणी चालू राहिलं होतं. मोजूशेठ पायरीवर बसला. त्याच्या हातून यंत्र सुटलं, दोन पायऱ्या टक् टक् करत खाली गेलं, आणि आकडा दोननं वाढला. धाकटीनं छत्री त्याच्या शेजारी टेकवून ठेवली.

"चांगली टिकली," ती म्हणाली. "उन्हाची लागेल तुम्हाला. बागेत सावली राहिली नाही."

लॉजवर बिल देताना काकू म्हणाल्या, "मी तुम्हाला गेल्या वर्षीच ओळखलं होतं. कप धरायची रीत थोरलीसारखीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हा तिच्या बाजूनं बोलले नाही, म्हणून या वेळी त्याच्या बाजूनं बोलले नाही. फिटंफाट."

धाकटी घरी पोचली तेव्हा थोरली खिडकीपाशी काजं करत होती. या वेळी मैत्रिणीचं नाव घ्यायचं कारण नव्हतं. धाकटीनं शेंग तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. आठाचा नियम, पावती, टकटक, पिवळ्या वेली, पायरीवर बसलेला मोजूशेठ. सांगताना तिला लहानपणी शर्यत जिंकून आल्यासारखं होत होतं.

थोरलीची सुई थांबली नाही. "डब्यातून वास येईना, तेव्हाच कळलं मला कुठं गेलीस ते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कोपऱ्यातली?"

"तीही," धाकटी म्हणाली.

"किती फुलं होती?"

"चौदाशे."

"माझ्या वेळी नऊशेच्या वर कधी गेली नाही," थोरली म्हणाली. तिनं दोरा दातानं तोडला, दुसरा ओवायला घेतला, आणि तो सुईत जाईना. तीनदा चुकला. मग सुई बाजूला ठेवली. "बरं केलंस. माझी होती म्हणून ती तरी कशाला त्याच्याकडे राहायची."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "झालं आता, ताई. काटेवाल्यानंही सगळ्यांसमोर कबूल केलं. चष्मा कपाळावर होता तर म्हणतो, घरी राहिला."

"त्या दिवशीही कपाळावरच होता," थोरली म्हणाली.

"तुला दिसला?" धाकटीनं विचारलं.

"मी समोर उभी होते. मला दिसत होता. ओसरीवर सगळ्यांना दिसत होता. मोजूनं टोचलं ते हावेनं. ह्यानं तर फुकट केलं." तिनं शेंग उचलली, नाकाशी नेली, आणि डब्यात न ठेवता आपल्या पिशवीत टाकली. एकोणीस वर्षं जी बाई गल्लीच्या टोकापर्यंत गेली नव्हती, ती उठून चपला शोधू लागली.

"काटा अजून त्याच्याच हातात आहे ना?"

"हो."

"बस किती वाजताची असते?"